वेनेताबाईंची मान

दोल्नी याझ गावात वेनेताबाईंच्या मानेबद्दल तीन मतं आहेत. पोस्टातली राल्का म्हणते, मणक्याचं दुखणं आहे, बाई कुणाला सांगत नाहीत इतकंच. बेकरीवाला म्हणतो, कसलं दुखणं, शाळेचं नाव छापून आलं तेव्हापासून मान ताठ झाली आहे. आणि शाळेतली पोरं छातीठोकपणे सांगतात की बाईंच्या मानेत लोखंडी सळई आहे, वळवली की करकर वाजते. तिघांपैकी एकाचंही खरं नाही.

बाईंना काहीही विचारा, पाव संपला का, बस गेली का, त्या तोंडाने 'हो' नाहीतर 'नाही' म्हणतात. मान इंचभर हलत नाही. आमच्या गावात हे विचित्रच दिसतं, कारण आमचं निम्मं बोलणं मानेवरच चालतं. मान वर-खाली केली की 'नाही', आणि आडवी डोलावली की 'हो'. नदीपलीकडे, रोमानियात, नेमकं उलटं. त्यांचं वर-खाली म्हणजे 'हो'. डॅन्यूब मध्ये आहे म्हणून बरं, नाहीतर लग्नं जमवताना हाहाकार उडाला असता. एक गोष्ट मात्र दोन्ही काठांवर सारखी आहे. जिभेने 'च्च' केलं की नाही म्हणजे नाहीच, मग मान कुठेही जावो. हे 'च्च' तेवढं ध्यानात असू द्या. बाईंचं सगळं आयुष्य तिथेच अडलं आहे.

वेनेता रालेवा याच गावच्या. बावीस वर्षांच्या असताना शाळेत लागल्या त्या तिथल्याच झाल्या. निम्म्या गावाला अक्षरं त्यांनी गिरवायला लावली. एखादं पोर दोन दिवस दिसलं नाही की तिसऱ्या दिवशी बाई त्याच्या दारात उभ्या. ताप असेल तर डब्यातून सूप, नुसतीच दांडी असेल तर कान. "झोप, नाहीतर वेनेताबाई येतील," असं आया पोरांना सांगत, आणि पोरं झोपत. बाईंना याचा अभिमान होता. अभिमान वाईट नव्हता, निदान तेव्हा तरी.

दोन हजार चौदा उजाडेपर्यंत गाव ओसरत आलं होतं. कुणी स्पेनमध्ये संत्री तोडायला गेलं, कुणी जर्मनीत. हजेरीपटावर पंचवीस नावं होती आणि बाकांवर एकोणीस पोरं. उरलेल्या सहांपैकी पाच आईबापांबरोबर परदेशात होती. मुख्याध्यापक ग्रोझ्दान यांनी त्यांची नावं काढली नव्हती. "येतील परत," ते म्हणायचे. "आणि नाही आली तरी नावाला काय चारा घालावा लागतो?" पट विसाच्या खाली गेला की शाळा बंद करून पोरांना अठरा किलोमीटरवरच्या शहरात पाठवणार, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

सहावी होती सेव्दा. ती कुठेही गेलेली नव्हती. नदीच्या उतारावरच्या शेवटच्या घरात राहायची, दहा वर्षांची होती, आणि आजीला सांभाळायची. आजीचं, एमिनेचं, कमरेखालचं अंग गेलेलं. बाई त्या हिवाळ्यात दोनदा तिच्या दारात जाऊन आल्या होत्या.

"न्या की हिला, खुशाल न्या," एमिने खाटेवरून म्हणाली. "पण मग मला उठवून बसवायला तुम्ही थांबा."

"हिची आई कधी येणार?"

"हिची आई जर्मनीत कुणाची तरी आई उठवून बसवते. तिथे त्याचा पगार देतात, बाई. इथे मला कोण देणार?"

 बाईंनी सेव्दाला अंकलिपी दिली. निघताना कुंपणापाशी वाकून म्हणाल्या, "मी काहीतरी सोय करते. पंधरा सप्टेंबरला शाळेचं नवं वर्ष सुरू होईल ना, तेव्हा मी स्वतः येते तुला न्यायला. काय?" सेव्दाने मान आडवी डोलावली, अगदी जोरात, दोन्ही वेण्या गालांवर आपटतील इतकी.

ती सोय मार्चमध्ये आपल्या पायांनी चालत आली. सान्दा तिचं नाव. पलीकडच्या काठावर राकिता म्हणून गाव आहे, तिथल्या शाळेतली शिक्षिका, पन्नाशीची, दोन्ही हातांत पिशव्या. दोन्ही देशांनी मिळून एक काम काढलं होतं. नदीच्या दोन्ही काठांवरची गावं जोडीजोडीने घ्यायची, शाळेच्या वयाची पोरं किती आणि खरोखर शाळेत येणारी किती हे मोजायचं, आणि दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडायचे. आमची जोडी राकिताशी लागली होती. सान्दाची आजी या काठावरची, त्यामुळे तिला आमची भाषा येत होती, म्हणजे साधारण येत होती.

वेनेताबाईंचा घसा त्या आठवड्यात पार बसला होता. डॉक्टरांनी चार दिवस एक शब्द बोलायचा नाही असं बजावलं होतं. "देव आहे," असं म्हणून ग्रोझ्दान सर हसले, आणि कॉफी सांगायला बाहेर गेले.

सान्दा बाईंशेजारी बाकावर बसली. मार्चमध्ये शुभ म्हणून बांधतात तो लाल-पांढरा दोरा बाईंनी तिच्या मनगटाला बांधला. तो नदीच्या दोन्ही काठांवर बांधतात, तेव्हा ती खूश झाली.

"आमचा गाव एक्याण्णव टक्के," ती म्हणाली. "चव्वेचाळीस पोरं, त्यात चार येत नाही. मला फार लाज वाटली. पण ज्याची पंच्याण्णव किंवा त्याच्या खाली, त्याला मदत मिळणार. गाडी. नाश्ता. आणि घरात आजारी माणूस असला तर शाळेच्या वेळात बसायला एक बाई. चांगला आहे ना?"

आजारी माणसाजवळ बसायला बाई. वेनेताबाईंना त्या क्षणी सेव्दाच आठवली, यात शंका नाही. त्यांनी ते पुढे कधी नाकारलंही नाही.

समोरची पोरं सान्दाने डोळ्यांनीच मोजली. एकोणीस. मग हजेरीपट घेऊन उरलेली सहा नावं ती एकेक करून विचारू लागली.

"हा बोयान. हा येते शाळेत?"

बोयान दोन वर्षं स्पेनमध्ये होता. बाईंनी मान वर-खाली केली. नाही. सान्दाने बरोबरची खूण केली.

"ही रादोस्तिना?" वर-खाली. पुन्हा बरोबरची खूण.

तिसऱ्या नावाला बाईंची नजर तिच्या पेन्सिलीवर गेली आणि काय चाललंय ते त्यांच्या लक्षात आलं. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय बाईंना नाही. नव्वदच्या टंचाईत त्या होडीने पलीकडच्या बाजारात हाताने विणलेले स्वेटर विकायला जात. पहिल्याच दिवशी एका गिऱ्हाइकाने पडेल भाव सांगितला, यांनी 'नाही' म्हणून मान हलवली, आणि तो पठ्ठ्या तेवढ्याच भावात स्वेटर काखेत मारून चालू पडला. त्या दिवसापासून पलीकडच्या माणसाशी बोलताना बाई जीभ वाजवल्याशिवाय राहिल्या नव्हत्या.

आता फक्त एक 'च्च' करायचं होतं. घसा बसलेला असला तरी 'च्च' करता येतं, त्याला घसा लागत नाही. बाईंनी जीभ टाळूला दाबून धरली आणि मान वर-खाली केली. तिसरं नाव, चौथं, पाचवं. नंदीबैलसुद्धा इतक्या आज्ञाधारकपणे मान हलवत नसेल.

"आणि शेवटची. सेव्दा. ही येते?"

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. आमच्या शाळेच्या खिडकीतून नदीचा उतार दिसतो. मग त्यांनी सान्दाकडे पाहिलं. तिच्या तोंडावर कौतुक होतं, आणि थोडासा हेवाही.

बाईंची मान वर गेली आणि खाली आली.

"पंचवीसात पंचवीस!" सान्दा म्हणाली. "शंभर!"

का केलं असं? शाळा वाचावी म्हणून, असं बाई बरेच महिने स्वतःला सांगत राहिल्या. कारण तसं खोटंही नव्हतं. पण ते चारचौघांत सांगता येण्याजोगं कारण होतं. खरं कारण त्यांना त्या बाकावर बसल्या बसल्याच कळलं होतं. पलीकडचे एक्याण्णव आणि आपण शंभर, हे ऐकायला गोड लागलं. तीस वर्षांच्या नोकरीत इतकं गोड काही कुणी बोललं नव्हतं. एका मुलीच्या शाळेच्या बदल्यात त्यांनी ते गोड बोलणं घेतलं, आणि तसं घेताना आपण काय देतोय हे त्यांना माहीत होतं.

मे महिन्यात रंगीत पत्रक छापून आलं. डावीकडे राकिता, एक्याण्णव. उजवीकडे दोल्नी याझ, शंभर. ग्रोझ्दान सरांनी ते चौकटीत बसवून वर्गात फळ्याच्या वर टांगलं. सरपंचांनी सगळ्यांना चीज भरलेली बनित्सा खिलवली, मोठ्यांना फळांची दारू, रकिया, पाजली.

"बाई, बोला ना दोन शब्द!"

बाईंचा घसा केव्हाच सुटला होता. तरी त्यांनी घशाकडे बोट दाखवलं.

"राहू द्या," ग्रोझ्दान सर म्हणाले. "न बोलताच यांनी आख्ख्या रोमानियाला हरवलं!" सगळे हसले. बाईही हसल्या. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय हे त्यांना त्या हसण्याने कळलं. घरी जाऊन त्यांनी कागदावर खरा हिशेब मांडला. पंचवीसात एकोणीस, शहात्तर टक्के. परदेशातली पाच वजा केली तर विसात एकोणीस, म्हणजे पंच्याण्णव. उरलेले पाच टक्के म्हणजे सेव्दा. कागद फाडून त्यांनी चुलीत टाकला.

पंधरा सप्टेंबर आला. पोरं फुलं घेऊन शाळेत आली, बाईंच्या टेबलावर डेलियांचा ढीग झाला. बाई सेव्दाकडे गेल्या नाहीत. कशा जाणार? शंभर टक्के पोरं शाळेत असलेल्या गावात शिक्षिका शाळेबाहेरचं पोर आणायला निघाली, तर चौकटीतला आकडा कुणाचा? कुणीतरी विचारलं असतं. कदाचित कुणीच विचारलं नसतं. पण बाईंची हिंमत झाली नाही, आणि एकदा नाही झाली ती पुन्हाही होईना. 'उद्या जाऊ' म्हणता म्हणता नाताळ आला.

त्यांच्या घरून शाळेला जायचा रस्ता वरच्या अंगाने जातो, आणि पिंपळाएवढ्या एका जुन्या अक्रोडापाशी तो वळतो, तिथून उतारावरचं ते घर सरळ दिसतं. बाई तिथून जाताना समोर पाहत. मान वळवायची नाही, असं ठरवून पाहत. सात वर्षं, जाता-येता. मान ताठ झाली ती तिथे. हो-नाहीसाठी ती हलवणं तर त्यांनी पत्रक आलं त्याच दिवशी सोडलं होतं. आपल्याच मानेवर त्यांचा भरवसा उरला नव्हता.

दोन वर्षांनी सान्दाचं बोलावणं आलं. राकितात समारंभ होता. ग्रोझ्दान सरांनी बाईंना जवळजवळ ढकलूनच होडीत बसवलं.

राकिताची शाळा आमच्यापेक्षा जुनाट, छताला ओल. पण अंगणात चव्वेचाळीस पोरं उभी होती. सान्दाने एकेकाला पुढे केलं. हा मेंढ्या राखायचा. हे दोघे भाऊ, यांना बूट नव्हते. आणि ही मिरेला, हिची आई अंथरुणाला खिळलेली आहे.

"आणि आईजवळ?" बाईंनी विचारलं.

"ही बसते." सान्दाने एका जाडजूड, हसऱ्या बाईच्या खांद्यावर हात ठेवला. "रोज आठ ते एक. सांगितला होता ना मी तुम्हाला?"

मग तिने पोरांना काहीतरी सांगितलं आणि सगळी पोरं वेनेताबाईंकडे बघून टाळ्या वाजवू लागली. मिरेला सगळ्यांत जोरात वाजवत होती.

"मी त्यांना म्हणाले," सान्दाने सांगितलं, "ही बाई. हिने एकसुद्धा पोर सोडला नाही. तुमची शंभर बघून आम्हाला लाज वाटली, वेनेताबाई. लाज वाटली म्हणून कामाला लागलो."

बाईंना जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. "सान्दा," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी ते शंभर…"

"ना, ना, तुम्ही नेहमी साधी!" सान्दाने त्यांचा दंड दाबला. "आणि ती कशी आहे? शेवटची नाव. मला आवडली होती ती नाव. सेव्दा."

"बरी आहे," बाई म्हणाल्या.

तोवर त्या मनाशी म्हणू शकत होत्या की आपण खोटं बोललोच नाही, आपल्या रीतीने खरंच सांगितलं, समोरचीने चुकीचं वाचलं. त्या दोन शब्दांनी तेवढा आडोसाही गेला.  परतताना होडीतून दोन्ही काठ सारखेच दूर दिसत होते, आणि कुठल्याही काठावर उतरावंसं वाटत नव्हतं.

पुढची वर्षं तशीच गेली. बोयान आणि रादोस्तिना काही परत आले नाहीत, पण शाळा टिकली. बाई अजून चांगल्याच शिकवत होत्या, सगळे म्हणायचे. पण पोर दोन दिवस आलं नाही तर त्या आता दारात जात नसत. कोणत्या तोंडाने जाणार? आया पोरांना दुसऱ्या कुणाची तरी भीती दाखवू लागल्या.

गेल्या ऑक्टोबरातली गोष्ट. शाळा सुटली होती, बाई वह्या तपासत होत्या. दारात एक मुलगी उभी राहिली. सतरा वर्षांची, खांदे रुंद, हात कष्टकरी बायकांसारखे राठ. वेण्या कापलेल्या.

"आत येऊ का, बाई?"

बाईंनी तिला लगेच ओळखलं. ओळखायला वेळ लागला असता तर बरं झालं असतं.

"ये, सेव्दा. बस."

सेव्दा पहिल्या बाकावर बसली. बाक तिला लहान होत होता, गुडघे वर येत होते. ती चौफेर बघत राहिली, भिंतीवरचे नकाशे, खडूंचा डबा.

"आजी गेली फेब्रुवारीत," ती म्हणाली. "कळलं असेल तुम्हाला."

"कळलं."

"आता मी मोकळी. शहरातल्या शिवणाच्या कारखान्यात घेतायत, माझा हात चांगला चालतो. पण हा कागद भरून मागतायत." तिने घडी घातलेला अर्ज पुढे केला. "राल्कामावशीला दाखवणार होते. म्हटलं, तिला कशाला, बाई आहेत की."

बाईंनी अर्ज उलगडला. तिसऱ्या ओळीत 'शिक्षण' होतं.

"तुला वाचता येतं का?" त्यांनी विचारलं.

सेव्दाने मान वर-खाली केली. आणि बाईंना, त्या वयात, त्या क्षणी, एकच इच्छा झाली. आपण सान्दा असावं, आणि याला 'हो' समजावं.

"पण आकडे येतात हां," सेव्दा घाईने म्हणाली. "आजीच्या गोळ्या मोजून मोजून शिकले. ते बघा, ते शंभर आहेत." तिने फळ्याच्या वर बोट दाखवलं. "कसले शंभर आहेत, बाई?"

बाईंनी वर पाहिलं नाही, अर्जाची घडी पुन्हा घातली. 

सेव्दाला वाटलं, आपण काहीतरी वावगं बोललो. ती समजूत काढल्यासारखी म्हणाली, "मी तुमच्यावर रागावलेले नाही हां. तुम्ही म्हणाला होता न्यायला येईन. तीन वर्षं मी पंधरा सप्टेंबरला फुलं तोडून कुंपणावर बसायचे. तुम्ही वरून जायचा, अक्रोडापासून. मी हातसुद्धा करायचे. आजी म्हणायची, अगं, बाईंच्या मानेला दुखणं आहे, वळत नाही ती, म्हणून तू दिसत नाहीस त्यांना." ती जराशी हसली. "तसंच ना, बाई? मान वळत नव्हती म्हणून ना?"

इतकं सोपं करून कुणी सुटका पुढे केली नसेल. बाईंनी कागद बाकावर ठेवला. सात वर्षांत जी हलली नव्हती ती मान त्यांनी वर उचलली आणि खाली आणली. आणि या खेपेला जीभही वाजवली. कुठल्याही काठावरच्या माणसाला कळेल असं, स्पष्ट.

"च्च."

सेव्दाचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं.

"म्हणजे दिसत होते मी तुम्हाला?"

वेनेताबाईंनी मान आडवी डोलावली.